वाचकांचे प्रश्न : शॉप ॲक्ट, मराठी पाटी आणि अडकलेला अर्ज

प्रश्न : कपडे शिवून विकण्याचं दुकान सुरू केलं आहे, सहा कामगार आहेत. एक एजंट म्हणतो शॉप ॲक्टचं लायसन्स काढा, दुसरा म्हणतो नुसती सूचना पुरे. सूचनेची पावती घेऊन बँकेत गेलो तर चालू खातं उघडेनात. करायचं काय? (एक वाचक, बार्शी)

दुसऱ्या एजंटाचं खरं आहे. शॉप ॲक्ट म्हणतात त्या 1948 च्या जुन्या कायद्याची जागा 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने घेतली. तो 19 डिसेंबर 2017 पासून लागू आहे. त्यात नोंदणीची रेषा 10 कामगारांवर आखली होती. ती 20 वर नेण्याच्या दुरुस्तीला सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तुमचे सहाजण कुठल्याही हिशेबाने रेषेच्या आतच. तुम्ही धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत फॉर्म एफ, म्हणजे सूचनेचा अर्ज, ऑनलाइन भरायचा, एवढंच. त्याला नूतनीकरण नसतं.

कामगार मोजताना अर्धवेळ माणूसही धरा. ॲप्रेंटिस कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार धरू नका.

फॉर्ममध्ये चुका ठरलेल्याच होतात. धंदा सुरू केल्याच्या तारखेच्या रकान्यात लोक अर्ज भरल्याची तारीख टाकतात. मग जीएसटी आणि उद्यममध्ये (लघुउद्योगांची केंद्र सरकारची नोंदणी) वेगळी तारीख दिसते आणि पुढे कर्जाच्या वेळी खुलासे देत बसावं लागतं. दुसरी चूक पत्त्याची. वीजबिलावर घर क्रमांक, भाडेकरारात गट क्रमांक आणि फॉर्मवर नुसतं 'बसस्टँडसमोर'. तिन्हीकडे एकच मजकूर ठेवा. आणि पावती मिळाली म्हणून जागा कायदेशीर ठरत नाही. बांधकाम अनधिकृत असेल तर ते अनधिकृतच राहतं.

बँकेशी 'पावती म्हणजेच लायसन्स' असा वाद घालू नका, कारण ती लायसन्स नाहीच. एकल मालकीच्या धंद्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत कागदांची यादी आहे आणि त्यातले दोन लागतात. त्यात उद्यम प्रमाणपत्र येतं, जीएसटी प्रमाणपत्र येतं, विक्रीकर किंवा प्राप्तिकराची विवरणपत्रंही येतात. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर होते, कागद चढवावे लागत नाहीत, शुल्क शून्य. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही, सरळ बंद करा. उद्यम आणि जीएसटी एवढ्यावर बहुतेक शाखांत काम होतं. जीएसटी नसेल तर यादीतला दुसरा एखादा कागद जोडा आणि सूचनेची पावती सोबत ठेवा.

रजा, कामाचे तास वगैरे कलमं छोट्या दुकानाला लागत नाहीत हे खरं. किमान वेतन मात्र लागतं. यात बरेच दुकानदार गाफील असतात.

प्रश्न : आमचं दुकान लहान आहे, कामगार दोनच. मराठी पाटीची सक्ती आम्हालाही आहे का? इंग्रजी नाव मोठं ठेवलं तर चालेल? (एक वाचक, इचलकरंजी)

सक्ती आहे. 2022 च्या दुरुस्तीने छोट्या आस्थापनांची सूट गेली. नाव देवनागरीत, पाटीवर सुरुवातीला, आणि अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. नाव भाषांतरित करायची गरज नाही, लिपी बदलली की झालं.

घोटाळा होतो तो पेंटरकडे. तो वेलांट्या-मात्रांसकट उंची मोजतो, मग मूळ अक्षर इंग्रजीपेक्षा लहान भरतं. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायला सांगा. इंग्रजी अक्षर बारा इंचांचं असेल तर हेही बारा इंच ठेवा, म्हणजे तपासणीला कोणी आलं तरी वादाला जागा उरत नाही. फॉर्म एफसोबत पाटीचा फोटो लागतो, तेव्हा आधी पाटी, मग फॉर्म.

प्रश्न : एका परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज केला, चाळीस दिवस झाले. कार्यालयात तोंडी सांगतात, 'कागद अपुरे आहेत.' लेखी काही देत नाहीत. मुदतीत उत्तर आलं नाही तर परवाना मिळाला असं धरता येतं, असं ऐकलं. खरं का? (एक वाचक, संगमनेर)

ऐकीव गोष्ट आहे, तिच्या भरवशावर काम सुरू करू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मुदत उलटली म्हणून परवाना देऊन टाकत नाही. तो अपिलाचा रस्ता देतो. एखाद्या विशिष्ट कायद्यात 'मानीव मंजुरी'ची, म्हणजे मुदतीत उत्तर नाही तर मंजुरी मिळाली असं धरण्याची, तरतूद स्वतंत्रपणे लिहिलेली असेल तरच ती मिळते.

आधी पाहा, ही सेवा त्या विभागाने अधिसूचित केली आहे का. 'आपले सरकार' पोर्टलवर आणि कार्यालयातल्या फलकावर सेवेचं नाव, मुदत, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) आणि दोन्ही अपिली अधिकारी दिलेले असतात. यादीत नाव नसेल तर या कायद्याचा उपयोग नाही.

यादीत असेल तर मुदत कधी सुरू झाली ते बघा, कारण खरी गोम तिथेच आहे. मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्याच्या दिवसापासून मोजतात, म्हणून 'कागद अपुरे' हे वाक्य कार्यालयाला फार सोयीचं असतं. त्यावर उपाय एकच. कोणता कागद कमी आहे ते लेखी कळवा, असा अर्ज क्रमांकासह ईमेल करा, किंवा आवक शिक्का मारून पत्र द्या. पोर्टलवर त्रुटी दाखवली नसेल तर त्या दिवसाचा स्क्रीनशॉट ठेवा.

मुदत संपली किंवा अर्ज नाकारला, तर 30 दिवसांत पहिलं अपील करा. त्याचा निकाल 30 दिवसांत लागला पाहिजे. समाधान झालं नाही तर पुढच्या 30 दिवसांत दुसरं अपील, त्याच्या निकालाला 45 दिवस. तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे, 60 दिवसांच्या आत. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती होऊ शकते. ती रक्कम तुम्हाला मिळत नसते, पण फाइल हलवायला अपिलाची नोंदच बहुधा पुरते. अपिलात गाऱ्हाणी लिहू नका. अर्ज क्रमांक, तारीख, सेवेचं अधिसूचित नाव, ठरलेली मुदत आणि पावती, एका पानात संपवा.

अर्ज उद्योगाच्या परवानगीचा असेल आणि 'मैत्री' या एक खिडकी प्रणालीतून केला असेल, तर आणखी एक दार आहे. 2023 च्या मैत्री कायद्याखाली मुदतीत निर्णय न झालेलं प्रकरण विकास आयुक्त (उद्योग) यांच्या अधिकारप्राप्त समितीकडे नेता येतं. संबंधित विभागाकडे थेट दिलेला कागदी अर्ज मात्र त्या प्रणालीत दिसत नाही.

प्रश्न : उमरग्यात पशुखाद्याचा छोटा कारखाना टाकतोय. मागास तालुक्याला जीएसटी परत मिळतो म्हणतात. तो प्रकल्प अहवालात उत्पन्न म्हणून धरू का? माल बराचसा कर्नाटकात जाईल. (एक वाचक, उमरगा)

धरू नका. हा परतावा ज्या योजनेतून मिळतो ती सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे, पण ती शासन निर्णयावर चालते, कायद्यावर नाही. 2019 च्या योजनेत तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट केले होते आणि सवलतीचा दर व काळ गटावर ठरत होता. आत्ता कोणती योजना लागू आहे आणि तुमचा गट कोणता, हे जिल्हा उद्योग केंद्रातून लेखी घ्या.

तुम्ही म्हणता तो जीएसटी परतावा म्हणजे औद्योगिक प्रोत्साहन अनुदान. ते मोजतात राज्यात विकलेल्या मालावरच्या एसजीएसटीवर, म्हणजे जीएसटीतल्या राज्याच्या वाट्यावर. कर्नाटकातल्या विक्रीवर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी) लागतो, तो या हिशेबात येत नाही. म्हणजे सीमेवरच्या तालुक्यात सवलतीचा दर चांगला दिसूनही हातात थोडंच येतं. त्याआधी तुमच्या मालावर जीएसटी लागतो का, हे सीएकडून पाहून घ्या. करच नसेल तर परत काय मिळणार? जे मिळतं तेही आधी कर भरून, मग दावा करून, नंतर कधीतरी. खेळत्या भांडवलात ते धरणारे पहिल्या वर्षीच अडकतात.

त्यापेक्षा मुद्रांक शुल्काची सवलत, वीज शुल्क माफी आणि व्याज अनुदान यांचा हिशेब आधी करा. जमिनीचं खरेदीखत करण्यापूर्वीच उद्योग केंद्राचं पत्र हातात हवं. दस्त नोंदवून मग पत्र मागायला गेलात तर भरलेलं शुल्क गेलंच म्हणून समजा. यंत्रांची बिलं कारखान्याच्या नावावर घ्या, वडिलांच्या किंवा जुन्या फर्मच्या नव्हे, आणि पैसे बँकेतूनच द्या. रोखीने घेतलेलं एखादं ग्राइंडर गुंतवणुकीतून वगळलं गेलं तर एकवेळ चालेल, पण मिक्सर आणि पेलेट मशीनच वगळलं गेलं तर दाव्यात काही उरत नाही.