शिडाच्या नौकेने अंदमान: पाणी किती, नांगर कसा?

प्रश्न : आम्ही चौघे फेब्रुवारीत सात दिवस भाड्याच्या यॉटने अंदमानात फिरणार आहोत. पहिलीच खेप. काय सांभाळावं? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : महिना उत्तम निवडलात. तुमच्या नागपूरच्या अंबाझरी तलावावर वारा कळतो. भरती-ओहोटी मात्र नाही, म्हणून अनुभवी कप्तान घ्याच.

पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा: ११२ लिटर, वर निम्मं राखीव, म्हणजे १६८. निदान ४० लिटर वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. टाकी गळली तर तेच कामी येतं.

खरी फजिती नांगराची होते. साखळी मोजताना लोक फक्त खोली पाहतात. समजा, खोली ८ मीटर, भरतीची वाढ २, नाळेची (नौकेच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची १, एकूण ११. त्याच्या पाचपट, म्हणजे ५५ मीटर साखळी सोडा. कमी सोडली की ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर उखडतो. टाकायचा तो वाळूत. प्रवाळावर कधीच नाही.

प्रवाळाच्या वाटेत सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच शिरा. समोरच्या उन्हात तळचे खडक दिसत नाहीत.

खारफुटीच्या खाड्यांत पोहू नका, मगरी आहेत. नॉर्थ सेंटिनेल बेटाच्या आसपास फिरकायला बंदी आहे. आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन नेऊ नका, थेट गुन्हा दाखल होतो.