चीर विसरलेली तबकडी

“मॅडम, एका वस्तूसाठी माणूस इतकी वर्षं झुरतो का हो?” खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारलं. समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे अनेकांकडून येतो. कुणाचं टपाल तिकीट हुकलेलं असतं, कुणाचं नाणं, कुणाचा जुना कॅमेरा. यांची होती ७८ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एक जुनी ग्रामोफोन रेकॉर्ड. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अकरा वर्षांपूर्वी ती त्यांच्या हातात आली होती. उजेडात तिरकी धरून पाहिली, लेबल वाचलं, किंमत ऐकली आणि “उद्या बघू” म्हणून ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती विकली गेली होती.

“वस्तूच ती, सोडून दे,” असं सगळे सांगतात. मला हा सल्ला पटत नाही. संग्राहकाला त्या वस्तूची रिकामी जागा रोज दिसते. लाखेच्या या तबकड्या पडल्या की फुटतात, त्यामुळे जुन्या प्रती कमीच होत जातात. “पुन्हा मिळेल” हा दिलासाही पोकळ ठरू शकतो. दुःख खरं आहे एवढं आधी मान्य केलं की माणूस मोकळेपणी बोलतो.

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलं होतं, की लगेचच्या काळात केलेली चूक जास्त टोचते. पण मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी सलत राहतात. मला यामागचं एक कारण रोज दिसतं. घेतलेल्या वस्तूचे दोष कळतात, ती विकताही येते. न घेतलेली मनातच राहते, आणि तिथे तिला ओरखडा पडत नाही.

मी त्यांना सांगितलं, “त्या दिवशी तुम्हाला काय काय माहीत होतं, तेवढंच लिहून आणा. नंतर कळलेलं एक अक्षरही नको.”

पुढच्या भेटीत कागद वाचताना चौथ्या ओळीवर ते थांबले. ‘कडेपासून आत केसाएवढी चीर.’ अकरा वर्षांत त्यांच्या सांगण्यात ती चीर एकदाही आली नव्हती.

“वाजवली असती तर?”

“सुरुवातीला दर फेऱ्याला टक्. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा.” बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “तरी घ्यायला हवी होती.”

मी ते खोडून काढलं नाही. हळहळ गेली नव्हतीच. पण स्वतःला मूर्ख म्हणणं त्या दिवसापासून थांबलं.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. मधल्या काळात त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत दोनदा समोर आली होती, एकदा तर बिनचिरेची. दोन्ही वेळा यांनी नकार दिला. “तेव्हा एवढ्यात मिळत होती, आता इतके कशाला द्यायचे?” मानसशास्त्रज्ञ ओरित तिकोचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: मोठी संधी हुकली की त्याच जातीची, जरा कमी फायद्याची संधी लोक नाकारतात, मग ती एरवी चांगली का असेना. जुनी हळहळ अशी नवे नकार घडवत जाते. समुपदेशनात याच जागी सर्वांत जास्त वेळ द्यावा, असं माझं मत आहे.

म्हणून आम्ही जुनी किंमत बाजूला ठेवली. “ही रेकॉर्ड आज पहिल्यांदाच दिसली असती, तर किती दिले असते?” त्यांना तीन आठवडे लागले. घरी शांतपणे बसून एक आकडा ठरवला, वहीत लिहिला आणि खाली कोणता दोष चालेल, कोणता नाही, तेही लिहिलं.

काही महिन्यांनी फोन आला. “मॅडम, दिसली. दोन्ही बाजू लावून ऐकल्या. माझ्या आकड्याच्या बऱ्याच वर होती, ठेवून दिली.”

“कसं वाटतंय?”

“वाईट वाटतंय,” ते म्हणाले. “पण का ठेवली ते वहीत लिहिलंय. तारखेसकट.”