टेस्टोस्टेरॉनच्या नावाने फाडलेली पावती

या खेपेच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रांत आरोपी एकच होता: टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणात तयार होणारा पुरुषी हार्मोन. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

मुलगा दहावीत आहे. काही विचारलं की अंगावर येतो, दार आपटतो. मिस्टर म्हणतात, हार्मोन्स आहेत, सोडून दे. सोडून देऊ का? – वाळपई

ताई, मिस्टर अर्धे बरोबर आहेत. या वयात मुलाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढतं. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोका हुंगणारा. या हार्मोनने तो जास्त जागा होतो. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पुरता पिकत नाही.

पण टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून मारकुटेपणा जास्त, असं सरळ गणित नाही. मॉन्ट्रियलमध्ये तेरा वर्षांच्या मुलांची तपासणी झाली. १९९६ साली तिचे निष्कर्ष छापून आले. ज्यांना सोबती पुढारी मानत, त्यांचं टेस्टोस्टेरॉन जास्त निघालं. लहानपणापासून हाणामारी करत आलेल्या मुलांचं उलट कमी होतं. या हार्मोनला मारामारीपेक्षा मान प्यारा. म्हणून दार कधी आपटतो ते बघा. पाहुण्यांसमोर, मावसभावांसमोर गुणांचा विषय काढला की आपटतो का? तोच प्रश्न एकट्याला, स्कूटरवर मागे बसवून विचारून बघा.

झोपेचंही बघा. या वयात झोपेचा हार्मोन रात्री उशिरा स्रवतो. मुलगा बाराला झोपतो, शाळेसाठी सहाला उठवला जातो. त्याच्या जागी मीही अंगावर गेले असते. मात्र वस्तू फोडणं, मारणं, आठवडेच्या आठवडे कुणाशी न बोलणं असं काही असेल, तर सोडून देऊ नका. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिथे दाखवा.

पूर्वी आमच्याकडे धिरयोचा, म्हणजे झुंजीचा पाडा होता, जवळ जायची सोय नव्हती. नांगराचा बैल मात्र खच्ची केला की गरीब गाय. म्हणजे राग सगळा तिथेच असतो ना? – पेडणे

काका, तुमचा प्रश्न ऐकून मला जर्मनीतल्या गटिंगेनचे कोंबडे आठवले. १८४९ साली तिथल्या आर्नोल्ड बेर्टोल्ट यांनी सहा कोवळ्या नरांवर प्रयोग केला. ज्यांचे वृषण काढून टाकले ते आरवेनात, झुंजेनात, तुरा वाढेना. काहींच्या पोटात मात्र त्यांनी एक वृषण परत ठेवून दिला, आपलाच किंवा दुसऱ्याचा. ते कोंबडे चांगले आरवले, भांडले, तुरा लाल झाला. नंतर कापून पाहिलं तर त्या वृषणाला जुन्या नसा जोडल्या गेल्याच नव्हत्या, नुसत्या रक्तवाहिन्या आल्या होत्या. म्हणजे निरोप रक्तातून जातो! हार्मोन हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळायला १९३५ साल उजाडलं.

तेव्हा तुमचं निरीक्षण पक्कं आहे, पण अनुमान थोडं पुढे गेलं. बैल तुम्ही कोवळेपणी खच्ची करता. अनुभवी बोक्याला मोठेपणी खच्ची केलं, तर त्याचे जुने चाळे कित्येक महिने सुटत नाहीत, कारण मेंदू तोवर शिकलेला असतो. माणसाचं तर आणखी वेगळं. प्रोस्टेटच्या कर्करोगात आम्ही मुद्दाम टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणतो. त्या आजोबांची कामेच्छा जाते, घामाचे लोट येतात, थकवा येतो. स्वभाव मात्र गरीब गाईसारखा होतोच असं नाही. बऱ्याच बायका मला सांगतात, "डॉक्टर, हे तर आधीपेक्षा चिडचिडे झालेत."

जिममधला ट्रेनर टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचा बारा आठवड्यांचा कोर्स घे म्हणतो. मित्राने घेतला, छाती भरली, पण तो आता कुणाशीही भांडतो. मला पण तसं होईल? – फोंडा

तुला अरेतुरे करते, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. असाच एकजण गेल्या पावसात माझ्याकडे आला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेली कुपी टेबलावर ठेवली, म्हणाला, "यात काय आहे ते सांगा." कुपीवर कंपनी नव्हती, बॅच नंबर नव्हता, अर्धं लेबल पाण्याने गेलेलं. आत काय आहे ते मी कसं सांगणार? त्याच्या रक्तात काय चाललंय ते मात्र दिसलं. टेस्टोस्टेरॉन आभाळाला भिडलेलं, आणि मेंदूच्या तळाच्या पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणाला जाणारे दोन्ही निरोप, एलएच आणि एफएसएच, जवळजवळ शून्य.

ते असं होतं. मेंदू सतत रक्तातलं टेस्टोस्टेरॉन चाखत असतो. बाहेरून भरपूर आलं की त्याला वाटतं, कारखाना जोरात आहे, आपण कशाला सांगायचं? निरोप बंद. वृषण आकसतात, शुक्रजंतू थांबतात. हे इतकं भरवशाचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं. त्याचा अहवाल १९९० साली आला. बहुतेकांचे शुक्रजंतू शून्यावर गेले. तुझा ट्रेनर मर्दानगी म्हणून जे विकतोय ते हे! कोर्स संपला की बाहेरचं बंद आणि घरचं अजून झोपलेलं. त्या मधल्या काळात उदासी येते, झोप जाते, इच्छा जाते, आणि मुलं घाबरून दुसरा कोर्स सुरू करतात. शुक्रजंतू परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. शिवाय जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं काही प्रमाणात शरीरच इस्ट्रोजेन करतं, म्हणून भरलेल्या छातीत कधी कधी गाठ लागते.

आता भांडणाचं. २००० साली छापून आलेल्या एका प्रयोगात ५० पुरुषांना आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत टेस्टोस्टेरॉन दिलं. त्यांतल्या ४२ जणांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही, सहाजण थोडे उधळले, दोघे मात्र पार हाताबाहेर गेले. ते दोघे कोण निघणार, हे आधी कुणालाच सांगता आलं नसतं. आणि जिममध्ये डोस याहून मोठे असतात, एकावर एक चढवलेले. मित्राला एकदम बंद करायला सांगू नकोस, डॉक्टरकडे घेऊन जा.

नवरा हात उगारतो. वर म्हणतो, पुरुषाचं रक्त आहे, हार्मोन उसळतात, तू समजून घे. यावर गोळी आहे का? – डिचोली

नाही, आणि हा आजारही नाही. झ्युरिकच्या संशोधकांनी २०१० साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. काही बायकांना टेस्टोस्टेरॉन दिलं, काहींना नुसतीच खोटी मात्रा, आणि पैसे वाटून घ्यायचा खेळ खेळायला लावला. ज्यांना खरं मिळालं त्यांनी समोरचीला जास्त न्यायाने वाटा देऊ केला. ज्यांना वाटलं की आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालंय, त्या मात्र कंजूष झाल्या, मिळालेलं असो वा नसो. तुमचे यजमान त्या दुसऱ्या गटातले. साहेबासमोर, पोलिसासमोर हे रक्त उसळतं का, विचारा त्यांना. नाही, विचारूही नका. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, ताबडतोब मदत हवी असेल तर ११२. माहेरी कुणाला तरी आजच सांगून ठेवा.

वय ३१, वेर्ण्याला नाइट शिफ्ट. मुलगी चार महिन्यांची. इच्छाच होत नाही म्हणून ड्युटीला जाताना टेस्टोस्टेरॉन तपासलं, २७० आलं. लॅबवाला म्हणाला कमी आहे. मी संपलो का? – म्हापसा

रक्त किती वाजता दिलं? तुम्ही लिहिलंय "ड्युटीला जाताना", म्हणजे संध्याकाळी. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात वर असतं. तरुणांत दुपारपर्यंत पाव हिस्सा उतरू शकतं. ३०० ही जी खालची रेघ मानतात ती सकाळच्या रक्तासाठी आहे. त्यात झोप. निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी खाली आलं. तुम्हाला पाच तास तरी मिळतात का?

आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यात आवडणारी. फिलिपाइन्समधल्या सेबू इथे सहाशेहून अधिक तरुणांचं टेस्टोस्टेरॉन आधी आणि चार-साडेचार वर्षांनी पुन्हा मोजलं. हे काम २०११ साली प्रसिद्ध झालं. सुरुवातीला ज्यांचं जास्त होतं तेच पुढे बाप व्हायची शक्यता अधिक होती. बाप झाल्यावर त्यांचंच सगळ्यात जास्त उतरलं. रोज तीन तास किंवा अधिक मूल सांभाळणाऱ्यांचं तर आणखी कमी. मुलीला खांद्यावर टाकून फेऱ्या मारणाऱ्या माणसाचं शरीर सध्या दुसऱ्या कामावर आहे, इतकंच.

सुट्टीनंतर, दोन रात्री घरी झोपून, सकाळी आठच्या सुमाराला उपाशीपोटी पुन्हा तपासा. दोनदा सकाळी कमी आलं तरच पुढचा विचार. तोवर कुणी जेल किंवा इंजेक्शन देऊ केलं तर घेऊ नका. मुलीला भाऊ-बहीण हवं असेल तर का घेऊ नये, ते वर फोंड्याच्या मुलाला लिहिलंय.