फोटोतलं विमान टायगर मॉथ नाही

तुमच्या आजोबांच्या अल्बममधला फोटो मोठा करून नीट पाहिला. मागे पेन्सिलीने 'टायगर मॉथ, जुहू' लिहिलंय, तेच तुम्ही धरून चाललात. शिवाय विचारलंत की जेआरडी टाटांनी 1932 मध्ये टपाल आणलं आणि 1982 मध्ये पुन्हा उडवलं, ते विमान हेच का.

टायगर मॉथ तर नक्कीच नाही. टायगरला एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असतात आणि वैमानिक उघड्यावर बसतो. तुमच्या फोटोत पंखांची एकच जोडी आहे, तीही केबिनच्या छतापाशी, आणि केबिन काचांनी बंद आहे. पण आजोबांना दोष देऊ नका. कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं आपल्याकडे डी हॅविलँड या ब्रिटिश कंपनीच्या कुठल्याही जुन्या विमानाला टायगर मॉथच म्हणतात. त्याला कारणही आहे. 1931 मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे शिकाऊ विमान जवळजवळ 9000 बनलं, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व राष्ट्रकुलातल्या असंख्य वैमानिकांनी पहिले धडे त्याच्यावरच गिरवले. त्याचे पंख किंचित मागे झुकलेले दिसतात, ते शोभेसाठी नाहीत. त्याच कंपनीच्या आधीच्या जिप्सी मॉथमध्ये पुढे बसणाऱ्याच्या डोक्यावर वरचा पंख आणि भोवती त्याचे खांब असायचे. पॅराशूट बांधून तिथून बाहेर पडणं अवघड. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला आणि त्यामुळे बिघडलेला तोल सावरायला पंख मागे झुकवले.

आता तुमचं विमान. केबिनवाले आणि पंखांच्या एकाच जोडीचे दोन मॉथ त्या काळात सर्रास दिसत: पुस मॉथ (1929) आणि लेपर्ड मॉथ (1933). लांबून दोन्ही सारखेच वाटतात. पुसच्या सांगाड्याला पोलादी नळ्या आहेत, लेपर्ड प्लायवूडचं आणि म्हणून हलकं, पण फोटोत हे कुठून कळणार? पंख बघा. लेपर्डचे पंख टोकाकडे निमुळते होत जातात. पुसचे थेट शेवटपर्यंत सारख्याच रुंदीचे आणि मग टोकाशी गोलसर. तुमच्या फोटोत डावा पंख पूर्ण दिसतोय आणि त्याच्या दोन्ही कडा समांतर आहेत. माझ्या मते हे पुस मॉथ आहे.

आणखी एक खूण आहे, आणि फोटोतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. पंखाला खालून आधार देणाऱ्या पुढच्या तिरक्या दांडीच्या मध्यापासून एक बारीक दांडी पंखाच्या मागच्या मुळाकडे गेलेली दिसते. सुरुवातीच्या पुस मॉथना ती नव्हती. वेगात असताना खवळलेल्या हवेत सापडून काही पुस मॉथचे पंख हवेतच निखळले, माणसं गेली. तपासात दोष पुढच्या दांडीच्या जोडणीत निघाला आणि उपाय म्हणून ही काडीसारखी दांडी आली. म्हणजे तुमचा फोटो त्या दुरुस्तीनंतरचा. या अपघातांमुळे पुसला नावं ठेवणारे आजही भेटतात, मला ते पटत नाही. याच जातीच्या विमानातून जिम मॉलिसन या ब्रिटिश वैमानिकाने ऑगस्ट 1932 मध्ये आयर्लंडहून कॅनडापर्यंत एकट्याने अटलांटिक पार केला होता.

जेआरडींबद्दल. 15 ऑक्टोबर 1932 ला ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले ते पुस मॉथमधूनच. त्या विमानाची नोंदणी व्हीटी-एडीएन; 'व्हीटी' ही भारतीय विमानांची खूण. पुढे मद्रासपर्यंतचं टपाल त्यांचा सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंटने नेलं. विमानात रेडिओ नाही, वाटेत दिशा दाखवणारं काही नाही. जुहू म्हणजे तेव्हा चिखलाचं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलायचा. 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी तीच वाट पुन्हा उडवली ती मात्र लेपर्ड मॉथमधून. वर्तमानपत्रांत दोन्हींची सरमिसळ कायम होते.

पण फोटोतलं विमान टाटांचंच, असं लगेच जाहीर करू नका. पुस मॉथ संस्थानिकांकडे होती, हौशी लोकांकडे होती, आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब जुहूलाच होता.

नाकाखाली जमिनीवर काळा डाग दिसतोय, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय. तेलाचाच असणार. पुसचं जिप्सी थ्री इंजिन उलटं बसवलेलं असतं: क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) वर, सिलिंडर खाली लोंबकळलेले. त्यामुळे वैमानिकाला नाकावरून पुढचं चांगलं दिसतं, जिप्सी मॉथच्या सरळ इंजिनात सिलिंडरची डोकी वर यायची. पण विमान उभं राहिलं की तेल झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून सुरू करण्याआधी स्विच बंद ठेवून नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हाताने सावकाश फिरवतात. तेल साचलेलं असेल तर पंखा अडतो. तिथे जोर लावला तर आतला पिस्टनचा दांडा वाकलाच समजा. टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनाचंही तेच, म्हणून या इंजिनांचे जुने मेकॅनिक खाली तेल दिसलं नाही तर जास्त काळजीत पडतात.

आता एक काम करा. फोटो मोबाईलने न काढता स्कॅनरवर किमान 1200 डीपीआयला घ्या, आणि केबिनच्या मागचा शेपटीकडचा भाग वेगळा कापून इथे टाका. तिथे 'व्हीटी' नंतर एक आडवी रेघ आणि पुसट अक्षरं आहेत; पहिलं 'ए' आहे, पुढची दोन मला वाचता येत नाहीत. ती लागली तर विमान कोणाचं होतं ते शोधता येईल.