तीन वह्यांत एकच धडा

“मॅडम, सुरुवातीला माझा उत्साह बघण्यासारखा असतो. पंधरा-वीस दिवसांत सगळं थंड पडतं. माझ्यात जिद्दच नाही का?” व्यायाम असो, परीक्षा असो, पेटी शिकणं असो, माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न येतच राहतो. उत्तर म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 43, राहायला भांडुपला, नोकरी फोर्टातल्या एका खासगी ऑफिसात. बारावीनंतर सुटलेलं शिक्षण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करून पूर्ण करायचं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्याच भेटीत पिशवीतून तीन वह्या काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवल्या. एक पाडव्याची, एक गणपतीनंतरची, एक दिवाळीतली. तिन्हींना खाकी कव्हर, पहिल्या पानावर ‘श्री’. पहिलीत चौदा पानं भरलेली, दुसरीत नऊ, तिसरीत चार. पानं उलटताना माझा हात थांबला. तिन्ही वह्यांत तोच पहिला धडा होता. मोत्यासारख्या अक्षरात हिशेबातल्या नावे-जमाचे तेच नियम, तीनदा.

“दर वेळी पहिल्यापासून का?”

“खंड पडला ना. मग आधीचं मोडलंच की.”

मला वाटतं, खरी गोम इथे आहे. आपण संकल्पाला नेम मानतो, आणि नेम चुकला की आधीचं सगळं फुकट गेलं असं धरून चालतो. उत्साह ओसरतो तो सगळ्यांचाच. त्यात कोणाच्या स्वभावाचा दोष नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2010 साली 96 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागत होते. कोणाला 18, तर कोणाला 254 दिवस लागतील असा संशोधकांचा अंदाज होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं. हे ऐकल्यावर बाई बराच वेळ वह्यांकडे बघत बसल्या.

त्यांचं वेळापत्रक होतं रात्री दहा ते बारा. सकाळी पाचला उठून डबे करणाऱ्या बाईने! ते आखलं होतं पाडव्याच्या सुट्टीत, पाळायचं होतं मंगळवारी रात्री, ओटा आवरून झाल्यावर. मग आम्ही दिवस उलगडून पाहिला. ऑफिसला जाताना लोकलमधून दादरला बऱ्याच बायका उतरतात, तिथे त्यांना हमखास बसायला मिळतं. तेवढंच ठरवलं: दादरला बसायला मिळालं, की पुस्तक उघडायचं. परळ, करी रोड, चिंचपोकळी करत सीएसएमटीपर्यंत एक सोडवलेलं उदाहरण वाचायचं. बसायला नाही मिळालं, तर त्या दिवशी सुट्टी, आणि ती चुकवलेल्यात धरायची नाही. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं आधीच बांधून ठेवलं, की ऐन वेळी मनाशी हुज्जत घालावी लागत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या पद्धतीवर बरंच काम केलं आहे.

एक गोष्ट मात्र मी उशिरा विचारली, पहिल्याच दिवशी विचारायला हवी होती: हे कशासाठी? आधी त्या “प्रमोशन” म्हणाल्या. तिसऱ्या भेटीत हळूच बोलल्या, मुलाच्या कॉलेजच्या फॉर्मवर आईचं शिक्षण लिहायचा रकाना होता. “त्याने काही न बोलता बारावी लिहिलं. मला तिथे पदवी लिहायची आहे.” हे सांगताना त्यांनी वहीच्या लेबलावरून बोट फिरवलं. त्यानंतर प्रमोशनचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

(इथे एक सांगायलाच हवं. ठरवलेलंच नव्हे, आवडीचंही काही करावंसं वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि असे दोन आठवडे गेले असतील, तर तो जिद्दीचा प्रश्न नसतो. डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली मानसच्या 14416 या सरकारी हेल्पलाइनवर मोफत बोला.)

पाचव्या आठवड्यात सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटल, रजा, धावपळ. अकरा दिवस पुस्तक उघडलं नाही. बाराव्या दिवशी फोन आला. “मॅडम, नवीन वही आणते. सोमवारपासून पहिल्यापासून करते.”

“पुस्तकात खूण कुठे आहे?”

“जुना पास घातलाय... पान 63.”

“मग उद्या पान 63. फक्त एक उदाहरण. वही आणू नका.”

पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, “एवढंच?”

“एवढंच.”

दोन महिन्यांनी आल्या तेव्हा पिशवीतून एकच वही निघाली, दिवाळीतली. कव्हर फाटलेलं, कोपऱ्याला चहाचा डाग, गाडीच्या हिसक्यांनी अक्षर तिरकं झालेलं. गाडीतल्या ग्रुपमधली एक मैत्रीण भायखळा आलं की पुस्तक हातात घेऊन त्यांना प्रश्न विचारते म्हणे.

“अक्षर बघू नका हं,” त्या म्हणाल्या आणि वही उघडून माझ्यापुढे सरकवली. वर लिहिलं होतं, धडा सहावा.