धातूच्या रसातला कार्बन : तीव्रता, संहती की प्रमाण?

‘वितळलेल्या धातूतील मूलद्रव्यांचे कॉन्सन्ट्रेशन वर्णपटावरून मोजतात’ हे मराठीत लिहिताना तीव्रता, संहती आणि प्रमाण यांतला कोणता शब्द घ्यावा, असा प्रश्न आला आहे.

माझ्या मते प्रमाण. तीव्रता तर इथे मुळीच नको, कारण या कामात तो शब्द प्रकाशासाठी आधीच लागतो. विजेच्या ठिणगीने धातूची वाफ होते आणि तिच्यातले अणू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकतात. कार्बनची एक रेषा १९३ नॅनोमीटरच्या आसपास येते. हा प्रकाश हवेत शोषला जातो, म्हणून ठिणगी आर्गॉनमध्ये पाडतात. यंत्र मोजते ती या रेषेची तीव्रता. मग लोखंडाच्या रेषेशी तिचे गुणोत्तर काढून, आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवरून आखलेल्या आलेखावर कार्बनचे प्रमाण वाचतात. ‘तीव्रतेवरून तीव्रता काढली’ असे लिहिले तर वाचणाऱ्याने काय समजायचे?

संहती चुकीचा नाही, पण शाळेपासून तो द्रावणांना चिकटलेला आहे : संहत आम्ल, विरल आम्ल. बिडातला ३.५ टक्के कार्बन किंवा एस. जी. आयर्नमधले (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते त्या बिडातले) ०.०४ टक्के मॅग्नेशियम यांना तो जड होतो. फाउंड्रीत ‘कार्बन किती आला?’ एवढेच विचारतात, आणि प्रमाण या बोलण्याच्या जवळचा आहे.

‘वितळलेला धातू’ऐवजी नुसते ‘रस’ म्हणावे. शिलारस, लाव्हारस आपण म्हणतोच.

मला खरी अडचण वाटते ती ‘धातूतील’ या शब्दात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत ‘स्पेक्ट्रो’वर (वर्णपट मोजणाऱ्या यंत्रावर) लावतात तो रस नसतोच. भट्टीतून पळीभर रस काढून तांब्याच्या साच्यात ओततात, त्याची नाण्यासारखी चकती होते, ती घासून तिच्यावर ठिणगी पाडतात. साचा तांब्याचा का? रस झटकन गोठला की कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडत नाही, लोखंडाशी बांधलेलाच राहतो. ग्रॅफाइट सुटले तर कार्बनचा आकडा फसवा येतो.

दुसरी पद्धत लेझरची. तिच्यात मात्र ठिणगीऐवजी लेझरचा झोत थेट रसाच्या पृष्ठभागावर मारतात. तिथे वर धातुमळी तरंगत असली तर मोजमाप मळीचे होते, म्हणून आधी ती बाजूला सारावी लागते. हिचा मोठा फायदा वेळेचा, कारण चकती करत बसावे लागत नाही : एस. जी. आयर्नमधले मॅग्नेशियम रस थांबवून ठेवला की उडून कमी होत जाते.

तेव्हा चकतीच्या पद्धतीला ‘रसाच्या नमुन्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण’ आणि लेझरच्या पद्धतीला ‘रसातील मूलद्रव्यांचे प्रमाण’ असे लिहावे.