ट्रॉली कोणती घ्यावी? लाकडी, तारेची की गाणारी?

प्रश्न : ताई, माझी मुलगी पंधरा महिन्यांची आहे. सोफा धरून चालते, मधेच हात सोडून दोन-चार पावलं टाकते. मॉलमध्ये गेलो की ट्रॉलीत बसत नाही, तिला ती ढकलायचीच असते. म्हणून खेळण्यातली ट्रॉली घ्यायची ठरवली. तीन पसंत पडल्या : दिवे, गाणी आणि बिलाचं मशीन असलेली प्लॅस्टिकची, हुबेहूब खऱ्यासारखी तारेची आणि एक लाकडी, तीच सगळ्यात महाग. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा वॉकर आणा, पोट्टी चालायला तरी लागेल. काय करू?
– एक आई, मनीषनगर, नागपूर

उत्तर : लाकडी घ्या. महाग आहे म्हणून नव्हे, जड आहे म्हणून.

तुमची मुलगी अजून ट्रॉली ‘चालवणार’ नाही, तिच्यावर रेलणार आहे. या वयात मूल दांडा धरतं ते आधारासाठी, आणि सगळा भार खाली टाकतं. ट्रॉली हलकी असली तर पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी मुलावरच उलटते, नाहीतर सुर्रकन पुढे पळते आणि मूल तोंडावर आपटतं. दुकानातच एक करून बघा. दांड्याच्या मधोमध तळहात ठेवून सरळ खाली दाबा. पुढची चाकं उचलली गेली की ती गाडी परत ठेवा. दांडा मागच्या चाकांच्याही मागे आलेला असला की बहुतेकदा हेच होतं. दांड्याची उंची मुलीच्या बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली हवी, म्हणून तिला सोबत न्या. सीताबर्डीच्या गर्दीत नको, इतवारीत न्यायचं तर दुपारी, दुकानं निवांत असताना.

दुसरी गोष्ट चाकांची. आपल्याकडे आता घरोघरी गुळगुळीत टाइल्स, त्यावर टणक प्लॅस्टिकची चाकं थांबतच नाहीत. चाकाला रबराची कड आहे का ते नखाने दाबून पाहा. घरी आणल्यावर तळाला दोन किलो पिठाचं पाकीट कापडी थैलीत घालून घट्ट बांधा. पाऊल पक्कं झालं की काढून टाका. जिन्याला फाटक नसेल तर ट्रॉली वरच्या मजल्यावर ठेवूच नका.

तारेची ट्रॉली दिसायला गोंडस आहे, मान्य. पण जाळीच्या भोकात तुमची करंगळी जाऊन अडकते का ते बघा. तुमची अडकते तिथे तिचं आख्खं बोट अडकेल. घडीची असेल तर नकोच, सांध्यात बोटं चिमटतात. शिवाय मे महिन्यात गॅलरीत राहिली तर नागपूरचं ऊन तिला तव्यासारखी तापवतं.

गाणारीबद्दल माझं मत जरा कडक आहे. बिलाचं मशीन, कार्ड, नाणी हे तीन वर्षांच्या आसपासचे खेळ, कारण तेव्हा मूल ‘मी दुकानदार, तू गिऱ्हाईक’ असं दुसऱ्याचं सोंग घेऊ लागतं. आत्ता तिचा खेळ एवढाच : भरायचं, न्यायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. रिकाम्या कपातून चहा प्यायल्यासारखं करेल, दोनेक वर्षांची झाली की तोच कप बाहुलीच्या तोंडाला लावेल. त्यात मशीनचं गाणं मधे लुडबुडतं. आणि खरी भीती बटणासारख्या चपट्या सेलची. तो गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांत जबर भाजू शकतं. तशी शंका जरी आली तरी उलटी करवायची नाही, तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं. सेलचं झाकण स्क्रूने बंद नसलेलं खेळणं घरात नकोच.

कोणतीही घ्या, आयएसआय चिन्ह पाहून घ्या. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्हापाशी परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तिथेच तपासता येतो. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

सोबत मिळणारी भाजी नीट निवडून काढा. तीन वर्षांखालच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासायला 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं असतं, त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो नापास. घरात जुन्या फोटोरिळाची डबी असेल तर अंदाजाला तेवढी पुरे. गोल वस्तू तर याहूनही मोठ्या हव्यात, तेव्हा प्लॅस्टिकचं लिंबू आणि द्राक्षाचे मणी बाजूला काढा. त्यापेक्षा चहापत्तीचा रिकामा खोका कागद कोंबून चिकटपट्टीने बंद करा. खरे आलू, कांदे, मोसमात संत्री द्या. सावंतवाडीची लाकडी फळं कुणी आणून दिली तर फारच छान, मात्र मोठी तेवढीच घ्या आणि रंग सुटत नाही ना ते ओल्या फडक्याने पुसून पाहा.

एक सांगते. मॉलची ट्रॉली तिने महिन्यातून एखाद्या वेळी पाहिली असेल. दारावरचा भाजीचा ठेला रोज बघते. तेव्हा ट्रॉलीत आलू टाकून ती ‘सांभाऽऽर’ (म्हणजे कोथिंबीर) असं काहीतरी ओरडत फिरली तर ‘अगं, ही ट्रॉली आहे’ म्हणून दुरुस्त करू नका. विसाचे दहा करा म्हणून घासाघीस करा. आणि ट्रॉलीकडे पहिले दोन दिवस तिने ढुंकूनही पाहिलं नाही तरी घाबरू नका. सिल्व्हन गोल्डमनने 1937 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या दुकानात पहिल्यांदा ट्रॉल्या ठेवल्या तेव्हा गिऱ्हाइकं हातच लावेनात. शेवटी त्याने पगारी माणसं ठेवली आणि खरेदीचं नाटक करत त्या दुकानभर ढकलायला लावल्या. तुम्हीही एक चक्कर मारून दाखवा.

सासूबाईंना सांगा, बसून पाय मारायच्या वॉकरने मूल लवकर चालत नाही. जिन्यावरून कोसळण्याचे अपघात मात्र होतात, म्हणून कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. ढकलायचं खेळणं निराळं, त्यात मूल स्वतःच्या पायावर उभं असतं. एवढ्यावर त्या मानल्या नाहीत तर पिठाची थैली बांधायचं काम त्यांनाच द्या.

प्रश्न : माझ्या लहानपणचा तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल माळ्यावर आहे. चाकं शाबूत आहेत. ती काढून नातवासाठी ढकलगाडी बनवू का? नातू दीड वर्षाचा.
– एक आजोबा, महाल

उत्तर : काकाजी, बैल मोडू नका. तो दोरीने ओढायचा, त्याची चाकं लहान, अंगाचा भार टाकून ढकलायला ती टिकणार नाहीत. ढकलगाडी हवीच असेल तर सुताराला सागाची पेटी आणि तळहाताएवढी चाकं नवी करायला सांगा, कडा गोल घासून.

आणि रंगाचं बघा. घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. तुमच्या बैलाचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. दीड वर्षाचं लेकरू शिंग आधी तोंडात घालणार. घरी तो घासायलाही बसू नका, शिशाची धूळ त्याहून वाईट. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला नातवाला बिनरंगी नवा बैल घ्या. जुना वर, दिसेल पण हात पुरणार नाही असा ठेवा.